रंकाळ्यावरची सहल आणि तिचा हिशेब
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत खजिनदार भगिनींनी केलेले भाषण)



मला भाषण करता येत नाही हे तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. वर्षातून एकदा उभी राहते, जमाखर्च वाचते आणि खाली बसते, एवढीच माझी सवय. परंतु यंदा चिटणीसबाईंनी फर्मावले की नुसते आकडे नकोत, गेल्या उन्हाळ्यात, म्हणजे २०२४ साली, आपण जी सहल काढली ती कशी ठरली आणि कशी पार पडली तेही सांगा, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात ज्यांच्या अंगावर हे काम पडेल त्यांना उपयोग होईल. तेव्हा जे झाले ते सांगते. गोड करून सांगत नाही, कारण त्यात माझी स्वतःची एक चूकही आहे.

सहल कुठे काढली, तर रंकाळ्यावर! हे ऐकून मागच्या रांगेत हसू आले, ते मला दिसले. कार्यकारिणीच्या बैठकीतही असेच हसू आले होते. एक जण म्हणाल्या, “अहो, रंकाळ्यावर जायला सहल कशाला हवी? संध्याकाळी पाय मोकळे करायला जातोच की!” मी विचारले, “शेवटच्या कधी गेला होता?” त्या आठवू लागल्या. थोरल्या मुलीचे लग्न ठरले तेव्हा पाहुण्यांना दाखवायला नेले होते म्हणे. त्या मुलीचा मुलगा आता शाळेत जातो. राजारामपुरीतून रंकाळा किती लांब? चार किलोमीटर धरा. पण घरची बाई म्हणून ते चार किलोमीटर कधी ओलांडले जात नाहीत, हे आपण जाणतोच.

परंतु रंकाळा आम्ही निवडला तो एवढ्याचसाठी नव्हे. त्याचे कारण २०२३ सालच्या सहलीत आहे, म्हणून आधी ते सांगते.

त्या वर्षी मे महिन्यात आपण कोकणात गेलो होतो. खासगी गाडी ठरवली होती, माणशी साडेनऊशे रुपये वर्गणी. सहल छान झाली, समुद्र पाहिला, फोटो निघाले. वर्गणी जाहीर करताना मी सभेत म्हणाले होते, “ज्यांना अडचण असेल त्यांनी मला एकटीला येऊन सांगा, त्यांचे पैसे मंडळ भरील.” बोलताना मला वाटले होते की मी फार मोठ्या मनाचे काही बोलले. सांगायला एकही जण आली नाही. मी समजले, कोणालाच अडचण नाही. मात्र नावे घ्यायला बसले तेव्हा सहा जणी कमी भरल्या. कोणाच्या घरी लग्न, कोणाचे गुडघे, कोणाला गाडी लागते.

त्या सहांपैकी एकीबद्दल सांगते. सांगू का, असे मी त्यांना विचारून घेतले आहे. त्या म्हणाल्या, “सांगा की काकू. नाव तेवढं घेऊ नका. तसं सगळ्यांना ठाऊकच हाय म्हणा!” तर या बाई मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला सर्वांच्या आधी येणाऱ्या. सतरंज्या अंथरायच्या त्यांनी, भांडी मोजून घ्यायची त्यांनी. सहलीचे विचारले तर म्हणाल्या, “पाहुणे येणार हैत हो घरला, न्हाईतर आलो असतो की.” कोकणातून आल्यावर दुसऱ्या दिवशी मी कोकमे आणि आंबापोळी घेऊन त्यांच्या घरी गेले. पाहुणे कोणी नव्हते. खोलीभर ब्लाऊजचे गठ्ठे पडले होते आणि बाई काजे करीत बसल्या होत्या. मला पाहून त्या ओशाळल्या, आणि त्यांना ओशाळलेले पाहून मी त्याहून ओशाळले. मी वेड्यासारखे बोलून गेले, “अहो, मला सांगायचे होते ना, मंडळाने भरले असते.”

त्यांनी सुई बाजूला ठेवली. म्हणाल्या, “पैसं नव्हतं असं न्हाई काकू. होतं. पण ते गाडीला दिलं असतं तर जूनमध्ये पोराच्या वह्या उधारीवर आणाव्या लागल्या असत्या. आणि तुमच्याकडं मागितलं असतं, तर त्या गाडीत मी फुकट बसलेली बाई झालो असतो. मग कुणी भेळ दिली तरी ती घशाखाली उतरली नसती.”

त्यानंतर त्या श्रावणातल्या कार्यक्रमाला आल्या नाहीत. हादग्यालाही आल्या नाहीत. मंडळाने एक सहल काढली आणि एक माणूस घालवले, असा तो हिशेब झाला. तो मी वहीत कोणत्या बाजूला मांडायचा?

म्हणून २०२४ च्या फेब्रुवारीत सहलीचा विषय निघाला तेव्हा मी हट्ट धरला की या खेपेला उलटे करू. नेहमी आपण आधी ठिकाण ठरवतो, मग गाडी, मग वर्गणी, आणि ती ज्यांना झेपेल त्या येतात. या वेळी आधी पैशाचे ठरवू आणि त्यात बसेल तेच ठिकाण घेऊ. ज्या घरात महिन्याच्या वीस तारखेनंतर दूध अर्धा लिटर कमी होते, त्या घरातल्या बाईला दोनदा विचार न करता “येते” म्हणता आले पाहिजे, एवढी एकच अट.

तीन बैठका झाल्या. आपल्या अंबाबाईच्या नगरीत नंदीची एक गोष्ट सांगतात ना, की रंकाळ्यावरचा नंदी रोज गव्हाभर पुढे सरकतो आणि तांदळाभर मागे येतो, तशा आमच्या बैठका चालल्या. पहिली सूचना आली राधानगरीची. शाहू महाराजांनी हाती घेतलेले आणि पुढे पुरे झालेले ते धरण, त्याचा लक्ष्मी तलाव, आपोआप उघडणारे सात दरवाजे. कोणाला नको वाटेल? शिवाय मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट झाले आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर २०२२ पासून प्रवास मोफतच. गाडी रंकाळा स्टँडवरून मिळते. कागदावर बेत स्वस्तच दिसत होता. पण आम्ही नीट पाहिले. पन्नासाहून अधिक किलोमीटर जायचे आणि तेवढेच यायचे. उन्हात उभे राहून गाडीची वाट पाहायची. तिसेक बायकांना एका गाडीत जागा मिळण्याची खात्री नाही. उतरल्यावर पुन्हा चाल. आणि धरण पाहावे ते पावसाळ्यात, दरवाजे उघडतात तेव्हा. मे महिन्यात पाणी खाली गेलेले असते. तेव्हा राधानगरी पावसाळ्याच्या अखेरीला, असे ठरवून तो विषय ठेवून दिला. पन्हाळा सर्वांचा पाहून झालेला. कळंब्याचा तलाव जवळ आणि शांत, पण उन्हाळ्यात पाणी बरेच हटते आणि दुपारी बसावे अशी सावली आम्हांला पुरेशी वाटली नाही. राहिला रंकाळा.

मग काही जणींनी रंकाळ्याबद्दल नाके मुरडली. पाणी हिरवे पडते, जलपर्णी होते, वास येतो. ते खोटे नाही. शहराचे सांडपाणी त्यात जात आले आहे आणि त्याचे भोग तळे भोगते आहे. म्हणून एक नियम आधीच केला: पाण्यात उतरायचे नाही, त्या पाण्याने हात-पाय, भांडी काही धुवायचे नाही. तळे पाहायचे आणि त्याच्या काठाचा वारा घ्यायचा. तो फुकट असतो.

आता तयारीचे सांगते, कारण खरा उपयोग त्याचाच आहे.

दिवस ठरवायला आम्हांला सर्वांत वेळ लागला. चैत्री पौर्णिमेला जोतिबाची यात्रा, त्या दोन-तीन दिवसांत बस, रिक्षा, रस्ते, काहीच आपले नसते. दुसऱ्या दिवशी अंबाबाईचा रथ. त्यातून ७ मे रोजी लोकसभेचे मतदान. आपल्या मंडळातल्या शिक्षिका आणि अंगणवाडीताई त्या कामाला जुंपलेल्या. मुलांच्या परीक्षाही संपायला हव्यात. शेवटी अक्षय्यतृतीयेनंतरचा रविवार धरला. रविवारी रंकाळ्यावर गर्दी असते, हे कबूल. पण नोकरीवाल्या भगिनींना दुसरा वार नाही. आणि महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात अजून बहुतेक घरांतला पगार शिल्लक असतो, हेही मी खजिनदार म्हणून मनात धरले होते. ते तेव्हा बोलले नाही, आज बोलते.

आदल्या रविवारी आम्ही दोघी भर दुपारी बारा वाजता रंकाळ्यावर जाऊन आलो. घरची मंडळी म्हणाली, उन्हाने डोके फिरले आहे. पण सकाळी पाहिलेली सावली दुपारी कुठे जाते, हे दुपारीच कळते. उद्यानात ज्या झाडाखाली बसू म्हणून मनात होते, तिथे बारा वाजता लख्ख ऊन होते. त्याच्या पलीकडचे दोन वृक्ष मात्र चार वाजेपर्यंत सावली धरतील असे दिसले. आणखी एक गोष्ट पाहायची होती, ती बायकांच्या सहलीत कोणी मोठ्याने विचारीत नाही. स्वच्छतागृह. ते कुठे आहे, दाराला कडी आहे का, पाणी आहे का. भगिनींनो, कितीतरी जणी सहलीला सकाळपासून पाणीच पीत नाहीत, ते याच भीतीने. आणि उन्हाळ्यात पाणी न पिता दिवस काढला की संध्याकाळी डोके धरून झोपायचे. यावर तोड निघाली ती अशी की आपल्या एका भगिनीचे माहेर शिवाजी पेठेत, तळ्यापासून अगदी जवळ. त्यांच्या वहिनी म्हणाल्या, “दिवसभर दार उघडं ठेवतो, कोण पण या.” त्या वहिनींचे आभार या सभेत मानले पाहिजेत, कारण सहलीची निम्मी चिंता त्यांच्या त्या एका वाक्याने गेली.

आता वर्गणी. वर्गणी ठेवलीच नाही. चैत्रातल्या हळदीकुंकवाला आपल्याकडे सगळ्याच येतात, कोणाला वगळण्याची आपली रीत नाही. त्या दिवशी आतल्या खोलीत गौरीच्या आराशीमागे झाकणाला चीर पाडलेला एक पत्र्याचा डबा ठेवला. एकेकीने आत जायचे, गौरीला नमस्कार करायचा, डब्यात मूठ रिकामी करायची, डाळ आणि पन्हे घेऊन बाहेर यायचे. कोणी किती टाकले हे कोणाला कळत नाही. टाकले की नाही हेही कळत नाही. कार्यकारिणीत याला विरोध झाला होता. एक ज्येष्ठ भगिनी म्हणाल्या, “अशाने दहा-दहा रुपये जमतील आणि मंडळाला भुर्दंड बसेल.” मलाही भीती होतीच. रात्री डबा फोडला. त्यात दहाची नाणी होती, तशा पाचशेच्या दोन नोटाही होत्या. एकूण तीन हजार दोनशे पासष्ट रुपये निघाले. त्या नोटा कोणाच्या, ते मला माहीत नाही, आणि ज्यांच्या असतील त्यांनी अजून कोणाजवळ बोलून दाखविलेले नाही, याचे मला फार कौतुक वाटते.

जायचे कसे? पायी. पहाटे साडेपाचला मंडळाच्या दारातून निघायचे, बिंदू चौक, भवानी मंडप, अंबाबाईचे दर्शन, महाद्वार, गंगावेस आणि रंकाळा. चालवत नाही अशा तिघी, भांडी आणि पाण्याचे कॅन एवढे एका टेम्पोतून. पायी जाण्यात पैसे वाचले हे खरे, पण त्याहून एक गंमत झाली. सगळ्याच पायी निघाल्या म्हणताना कोण बसने आली, कोण मोटारीतून उतरली, हा प्रश्नच उरला नाही. गंगावेशीला दूधकट्ट्यावर म्हशी उभ्या होत्या. आपल्यातल्या दोघी-तिघींनी आयुष्यात कधी धारोष्ण दूध घेतले नव्हते. कोल्हापुरात जन्म गेला आणि ते पुरुषांनी, तालमीतल्या पोरांनी प्यायचे असते असे समजून चालल्या होत्या! तिथे एक खर्च हिशेबाबाहेरचा झाला, तो अध्यक्षीणबाईंनी केला, म्हणून मी वहीत घेतलेला नाही.

फराळाचे म्हणाल तर चूल पेटवायचीच नाही असे ठरले. झुणका सुका केला, तो टिकतो. शेंगदाण्याची चटणी, खर्डा, काकडी, कांदा. ज्वारीच्या भाकऱ्या प्रत्येकीने घरून चार-चार आणायच्या. भाकरी सगळ्यांच्या घरी असते, त्यात लहानमोठे काही नाही. दहीभाताची एक युक्ती सांगते. नुसत्या दह्यात भात कालवला तर मे महिन्यात दुपारपर्यंत आंबतो आणि मुले तोंड वाकडी करतात. भात गरम असतानाच मऊ घोटून त्यात दूध जास्त घालावे आणि दही दोन चमचे विरजणापुरते. आपण पोहोचेपर्यंत दूध आणि जेवायच्या वेळी दही, असा तो बरोबर लागतो. मीठ आणि फोडणी जेवताना वरून. पन्ह्याचा अर्क गूळ घालून घट्ट करून नेला आणि तिथे पाणी घातले, म्हणजे ओझे कमी.

पोहोचलो तेव्हा ऊन कोवळे होते. आधी संध्यामठापाशी गेलो. तो दगडी मठ पावसाळ्यात बराचसा पाण्यात असतो, उन्हाळ्यात पाणी उतरले म्हणजे त्याचे खांब मोकळे दिसतात. रंकाळ्याला यायचे तर उन्हाळ्यात, असे मी म्हणते ते यासाठी. जुनी माणसे सांगतात, इथे मूळची दगडाची खाण होती, पुढे तिच्यात पाणी भरले आणि रंकभैरवाच्या नावावरून रंकाळा म्हणू लागले. समोर शालिनी पॅलेस. तो १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत उभा राहिला आणि राजकन्या शालिनीराजे यांचे नाव त्याला दिले. आपल्या एक ज्येष्ठ भगिनी तरुणपणी तिथे चित्रपटाचे शूटिंग पाहायला गेल्या होत्या, त्यांनी नटीच्या साडीचा रंगसुद्धा सांगितला. मुलांना काठाच्या शेवाळावरून दूर ठेवायला चार मुलांमागे एक बाई, अशी वाटणी केली होती. नऊ मुले, तीन बाया. एका मुलाची चप्पल तरीही तळ्यात गेलीच.

अकरानंतर सावलीला. मग जेवण, मग आडव्या झालो. भगिनींनो, मी पासष्ट वर्षांची आहे. उघड्यावर, झाडाखाली, भर दुपारी, कोणी “चहा टाकतेस का” असे म्हणणार नाही या खात्रीने मी तासभर झोपले, तसे मला वाटते लग्नानंतर प्रथमच. उठले तेव्हा शेजारच्या चौघीही झोपलेल्याच होत्या, आणि त्यांतल्या एकीच्या हातात अर्धा केलेला काजा होता. होय, त्या आल्या होत्या. गठ्ठ्यातले दोन ब्लाऊज बरोबर घेऊन आल्या होत्या. हातात काम नसले तर मला बसवत नाही, म्हणाल्या. डब्याचे सांगितल्यावर त्या काही बोलल्या नव्हत्या, पण पहाटे पाचला मी कुलूप काढायला गेले तर दारात त्याच उभ्या, आणि पहिले वाक्य काय, तर “सतरंज्या कुठं ठेवल्या गेल्या सालापासनं? कुणी झाडल्या बी न्हाईत.”

चार वाजता भेळीवरून वाद झाला. रंकाळ्यावर यायचे आणि चौपाटीवरची भेळ खायची नाही म्हणजे काय? आम्ही चुरमुरे, फरसाण, चिंचेचे पाणी सगळे घरून नेले होते. दोघी-तिघी म्हणाल्या, ज्यांना हवी त्या विकत घेतील, ज्यांना नको त्या मंडळाची खातील. वरवर पाहता यात गैर काही नाही. पण मला ते ब्लाऊजचे गठ्ठे आठवले. एकदा का हातगाडीपुढे रांग लागली, की रांगेबाहेरच्या बायका “मला नको, पोट भरलंय” म्हणू लागतात आणि आपण तळ्याकडे पाहत असल्याचे दाखवतात. होडीत बसण्याचा विषयही मी याच कारणाने मोडून काढला होता, मुले रुसली तरी. मी थोडी जोराने बोलले. तेव्हा माझ्या बोलण्याचा ज्यांना राग आला असेल त्यांची मी आज क्षमा मागते. मात्र भेळ मी पुन्हा घरचीच करीन. चव कमी होती हे मान्य आहे. चिंच कमी पडली.

पाचच्या सुमारास पन्हाळ्याच्या अंगाने ढग चढले. कोल्हापूरचा मे म्हणजे दुपारी आग आणि संध्याकाळी वळीव, हे लक्षात ठेवून आम्ही शेवटचा कार्यक्रम साडेपाचपर्यंतच ठेवला होता. वीज चमकली तशी झाडाखालून सगळ्यांना काढून शिवाजी पेठेतल्या त्या वहिनींच्या ओसरीत नेले. चाळीस माणसे एका ओसरीत! पाऊस अर्धा तास पडला. त्या अर्ध्या तासात जी गाणी झाली तशी दिवसभरात झाली नव्हती. येताना ज्यांना जमले त्या चालत आल्या, बाकीच्यांनी केएमटी धरली.

आता जमाखर्च, म्हणजे माझे नेहमीचे काम. टेम्पो जाऊन-येऊन तीनशे. किराणा अकराशे चाळीस. दूध-दही चारशे ऐंशी. कैऱ्या, लिंबे, कांदे, काकड्या तीनशे दहा. कलिंगडे चार, दोनशे चाळीस. पाण्याचे कॅन एकशे साठ. भेळीचे सामान तीनशे पन्नास. एकूण दोन हजार नऊशे ऐंशी. एकतीस बायका आणि नऊ मुले, म्हणजे माणशी साडेचौऱ्याहत्तर रुपये. शिल्लक दोनशे पंच्याऐंशी. त्यातून त्या मुलाला चप्पल घेऊन द्यावी अशी सूचना होती; त्याच्या आईने नको म्हटले, म्हणून ती रक्कम डब्यात तशीच आहे आणि यंदाच्या सहलीला धरली जाईल.

एक गोष्ट मात्र आम्हांला साधली नाही. दोघी या वेळीही आल्या नाहीत, आणि त्याला पैसा कारण नव्हता. एकीच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत, दुसरीच्या नणंदेला एकटे सोडता येत नाही. आम्ही पैशाचा एवढा विचार केला आणि वेळेचा केला नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे पन्ह्याची बाटली घेऊन गेले. पुन्हा तेच, मागच्या वर्षीसारखे काहीतरी घेऊन जाणे! तेव्हा यंदा असे ठरविले आहे की त्या दोन्ही घरी आपल्यापैकी एकेकीने सकाळी सात ते दुपारी एक आणि दुसरीने एक ते सात बसायचे. ज्या सकाळी बसतील त्या दुपारी तळ्यावर येतील, दुपारच्या बसणाऱ्या सकाळी येऊन परत जातील. चार नावे हवीत. एक माझे घाला, दुपारचे. सकाळची झाडाखालची जागा मीच दाखवीन म्हणते. उरलेल्या तीन नावांसाठी वही चिटणीसबाईंजवळ ठेवली आहे, चहा घेताना लिहून द्यावीत. आणि चिंच या वेळी अर्धा किलो आणावी, एवढे सांगून मी आपली रजा घेते.